देवाचा पलंग निघतो तेव्हा

आषाढी जवळ आली की पंढरपुरातून बातमी येते: देवाचा पलंग निघाला. मुहूर्त पाहून विठ्ठल-रुक्मिणीच्या शेजघरातले पलंग काढतात, मूर्तींच्या पाठीशी मऊ लोड देतात आणि दर्शन चोवीस तास खुलं होतं. ही प्रथा उमगायची तर आधी देवाचा रोजचा दिवस पाहायला हवा.

वैदिक काळी वेळ पाळायची ती माणसानं. अग्निहोत्र सकाळ-संध्याकाळ, संध्या वेळेवर. वेळ टळली तर प्रायश्चित्त. पुढे देवळं उभी राहिली, मूर्तीला राजासारखे उपचार होऊ लागले आणि देवालाच दिनक्रम आला. सोळाव्या शतकात पुष्टिमार्गात, म्हणजे वल्लभाचार्यांच्या कृष्णभक्ती संप्रदायात, त्यांचे पुत्र विठ्ठलनाथजींनी तो पहाटेच्या मंगलेपासून शयनापर्यंत आठ दर्शनांत बांधून दिला.

पंढरीचा क्रम घरातल्या माणसासारखा. पहाटे काकडा, लोणी-साखर, पंचामृत स्नान, दुपारी महानैवेद्य, मग पोशाख, सांजेला धूपारती, रात्री शेजारती. एकेका उपचाराला पूर्वी एकेक सेवाधारी घराणं असायचं: पूजा पुजाऱ्यांची, मंत्र बेणाऱ्यांचे, पाणी परिचारकांचं, पदं हरिदासांची, आरसा डिंगऱ्यांचा, मशाल दिवट्यांची, चोपदारी डांग्यांची. १९७३च्या कायद्यानं आणि २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे वंशपरंपरागत हक्क संपले. वेळापत्रक मात्र टिकलं. माझ्या मते हा त्या क्रमाच्या मुळांचा सगळ्यात मोठा पुरावा.

वारीत हाच क्रम देव बाजूला ठेवतो. काकडा नाही, पोशाख नाही, धूपारती नाही, शेजारती नाही. नित्यपूजा आणि नैवेद्य तेवढे चुकत नाहीत, रात्री लिंबूपाणी दाखवतात. पुराणं सांगतात, आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू चार महिन्यांसाठी निजतो. आणि नेमका त्याच एकादशीला पंढरीचा विठोबा डोळ्याला डोळा न लावता उभा! शेकडो मैल चालून आलेल्याला ‘देव निजलेत, उद्या या’ असं सांगायचं कोणी? शास्त्राची वेळ वारकऱ्याच्या पायांपुढे थांबते, हे मला या परंपरेतलं सर्वांत मोठं वाटतं.

कार्तिकीलाही हेच. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा. मंदिर धुऊन निघतं, पायांवर डोकी टेकून टेकून साचलेला थर लिंबू-साखर चोळून काढतात, देवाला ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात. रात्री शिणवटा जावा म्हणून औषधी काढा दाखवतात, शेजारती होते आणि पलंग पुन्हा शेजघरात जातो.