वासरू गप्प पडलं, पण दुखायचं थांबलं का?

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचा धंदा गावोगाव आहे. करवीर, कागल, शिरोळकडच्या गोठ्यांत संकरित वासरू जन्मलं की आज ना उद्या शिंगं उगवू नयेत म्हणून शिंगकळ्या जाळायचं काम निघतं. साधारण दोन महिन्यांपर्यंत कळी कवटीला चिकटलेली नसते, म्हणून ते लहानपणीच उरकतात. इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात वासराची मान खाली जाते, लाळ गळते, पाय दुमडतात. मालक म्हणतो, "झोपलं. आता त्याला काय कळतंय!"

असं पाडणारं नेहमीचं औषध म्हणजे झायलाझिन. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या 'अल्फा-२' नावाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर, ते बसतं. मेंदूत जागं ठेवणारं रसायन नॉरअॅड्रेनालिन कमी सुटतं आणि गुंगी येते. मज्जारज्जूत स्नायूंकडे जाणारे संदेश मंदावतात, अंग सैल पडतं. तिथंच वेदनेचे संदेशही काही प्रमाणात अडतात. म्हणजे औषध एक आणि कामं तीन, पण ती एकाच वेळी संपत नाहीत. वेदना कमी करण्याचा परिणाम १५ ते ३० मिनिटं टिकतो, गुंगी मात्र एक-दोन तास राहते. मधल्या वेळात वासरू झोपल्यासारखं दिसतं आणि त्याला दुखत असतं. मग डोस वाढवावा का? मुळीच नाही. गाईगुरांना घोड्याच्या जेमतेम एक दशांश मात्रा पुरते. त्यापुढं गेलं की हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास रोडावतो, पोट फुगतं.

निव्वळ स्नायू सैल करणारी औषधं तर वेदनेला हातही लावत नाहीत. स्कॉट स्मिथ या अमेरिकी भूलतज्ज्ञानं स्वतःला ट्युबोक्युरारीन हे असंच एक औषध टोचून घेतलं. बोटसुद्धा हलेना, श्वासही इतरांनी चालवला, तरी त्याला सगळं कळत होतं, दुखतही होतं. हा प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला.

"इवल्याशा जिवाला काय कळतंय" हा समज मला सर्वांत घातक वाटतो. नवजात उंदरांवरच्या अभ्यासात उलटंच दिसलं: पिल्लू मोठ्या उंदरापेक्षा हलक्या स्पर्शानंही पाय झटकून मागं घेतं, कारण मेंदूकडून येणाऱ्या, वेदनेला लगाम घालणाऱ्या वाटा पहिल्या काही आठवड्यांत कच्च्या असतात. वासरू जन्मतः उंदराच्या पिल्लापेक्षा बरंच पक्व असतं, पण म्हणून त्याला भाजल्याचं दुखत नाही असं नव्हे.

उपाय साधा आणि स्वस्त आहे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडापर्यंत हाडाच्या कडेनं एक नस जाते. तिथं लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध टोचून, कळीभोवती सुई टोचून बघायची. वासरू दचकलं तर अजून जाळायचं नाही, थांबायचं. लिग्नोकेन उतरल्यावर ठणका सुरू होतो, म्हणून सोबत मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक हवं. ते वासराच्या अंगात दिवसभराहून जास्त टिकतं आणि गिधाडांनाही सुरक्षित आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकावर २००६ साली बंदी आली ती गिधाडांमुळंच: ते दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरत. पुढचे दोन दिवस वासराकडं नीट बघा. सारखं डोकं झटकत असेल, कान हलवत असेल, दूध अर्धवट टाकत असेल, तर डॉक्टरांना पुन्हा बोलवा.