खड्डा की ढीग? ‘इंदूर पद्धती’ची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात ज्यांच्या गच्चीवर कुंड्या आहेत, त्यांच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर खताचा विषय निघतोच, आणि त्यात कुणीतरी ‘इंदूर पद्धत’ म्हणतेच. नाव आपल्याच गावाचे. पण म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारले तर उत्तरे वेगवेगळी मिळतात.

उकिरड्यावर शेण कुजवायची रीत माळव्यात पिढ्यान्‌पिढ्यांची. 1924 मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे 300 एकरांवर कापूस संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली. तिथल्या लोकांपुढे प्रश्न होता तो असा: शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते, पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळली झाडे, बांधावर पडून राहतात, मग काळ्या मातीला द्यायचे काय? उत्तर त्या पऱ्हाट्यांतच सापडले. त्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांची चाके आणि बैलांचे खूर त्यांचा चुरा करत. तो चुरा, पाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख असे थर रचायचे. साधारण 16 दिवसांनी, मग एका महिन्याने, मग दोन महिन्यांनी अशी तीनदा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. 1931 मध्ये यावर पुस्तक निघाले, त्यावर दोन नावे होती: एक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचे, दुसरे त्याच्या मराठी रसायनतज्ज्ञ सहकाऱ्याचे. जगाने पहिलेच लक्षात ठेवले.

आता खरा घोळ. मराठीतल्या शेतीच्या टिपणांत ‘इंदूर म्हणजे ढीग, बंगळूर म्हणजे खड्डा’ अशी जोडी सर्रास आढळते. पाठांतराला ती सोपी आहे, पण मूळ इंदूर पद्धतीत खड्डाही होता: 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि फक्त 2 फूट खोल. कोरड्या दिवसांत ओल टिकावी म्हणून खड्डा, आणि पावसाळ्यात पाणी तुंबून सगळे सडू नये म्हणून जमिनीवर ढीग. म्हणजे खड्डा की ढीग हे ऋतूवर ठरत असे. बंगळूरची पद्धत 1939 ची. ती मुख्यतः शहरांतल्या कचऱ्या-मैल्यासाठी होती. थर भरायचे, वरून मातीने लिंपायचे आणि महिनोन्‌महिने हात लावायचा नाही. कष्ट वाचतात, पाणीही कमी लागते, वेळ मात्र दुपटीहून जास्त जातो. दोन्हींतला फरक हवेचा आहे. इंदूरच्या खड्ड्याची खोली दोनच फूट ठेवली ती खाली हवा पोचावी म्हणून, आणि उलथायचे तेही त्याचसाठी. ‘ढीग’ एवढाच शब्द उरला आणि ‘उलथणे’ गळून पडले, हे मला फार मोठे नुकसान वाटते. घरी झाकण लावून ठेवलेल्या डब्यातून आंबूस वास येतो, लोक कंटाळून तो रिकामा करतात आणि दोष इंदूर पद्धतीला देतात. वास्तविक त्या डब्यात जे चालले होते ते बंगळूरच्या जास्त जवळचे होते.

दुसरी गोष्ट आकाराची. मूळ ढिगात उष्णता 60 अंशांच्या पुढे जाई आणि तणाचे बी त्यात मरून जाई. गच्चीवरच्या डब्यात तेवढी ऊब धरतच नाही. म्हणून घरचे खत घातलेल्या कुंडीत मोगऱ्याच्या बुडाशी टोमॅटोची आणि पपईची रोपे उगवतात. खत वाईट नसते. ते तापलेले नसते, इतकेच.

शहर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिले येऊ लागले आणि ओला-सुका वेगळा करणे घराघरांत अंगवळणी पडले. हे मोठेच काम झाले. 2022 च्या फेब्रुवारीत देवगुराडियाला रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. त्यातून गॅस मिळतो आणि खतही. पण तेव्हापासून ओला कचरा म्हणजे गाडीत द्यायची वस्तू, हे मनात पक्के बसले. ज्याच्या अंगणात माती आहे त्यानेही भाजीची देठे गाडीत टाकायची आणि रोपवाटिकेतून खताची पिशवी विकत आणायची, हे मला पटत नाही.

मूळ कृतीतल्या दोन वस्तू शहरातून गेल्या. गॅस आला तशी राख गेली, गोठे उठले तशी ती गोमूत्राची माती गेली. तिसरी अजून आहे: पाचोळा. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण सुमारे 33 : 1 धरलेले होते. स्वयंपाकघरातल्या ओल्यात नत्र जास्त, वाळल्या पानांत कर्ब जास्त. म्हणून ओल्याच्या एका घमेल्याला पाचोळ्याची दोन-तीन घमेली लागतात. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाची, पिंपळाची पाने अंगणभर पडतात आणि सकाळच्या झाडलोटीत तशीच बाहेर जातात. तीच दोन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली, तर मृगाचा पाऊस लागेपर्यंत पुरतात.