आधी धूर, मग बॉम्ब: व्हिएतनाममधले फॉरवर्ड एअर कंट्रोलर आणि त्यांची संथ विमानं

450 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 830 किलोमीटर वेगाने जाणारं लढाऊ जेट एका सेकंदात 230 मीटर पुढे सरकतं. वैमानिकाने मांडीवरच्या नकाशावर तीन सेकंद नजर टाकली, तर तेवढ्यात जवळपास पाऊण किलोमीटर जमीन मागे गेलेली असते. वळून पुन्हा पाहावं म्हटलं तर आणखी एक अडचण येते. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 45 अंश कलून वळताना या जेटला सुमारे 5.5 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ लागतं. 90 नॉट वेगाचं हलकं विमान तेवढंच कलून 220 मीटरमध्ये वळतं. वेगातला फरक पाचपट, वळणातला पंचवीसपट. जेट चार जी, म्हणजे वजनाच्या चौपट जोर सोसून वळलं, तरी त्रिज्या सव्वा किलोमीटरच्या वरच राहते.

खाली आपले सैनिक आणि शत्रू दोन-तीनशे मीटरवर समोरासमोर असतील, तर वरून बॉम्ब टाकणाऱ्याला नेमकी जागा दाखवणारं कुणीतरी हवंच. हेच फॉरवर्ड एअर कंट्रोलरचं, थोडक्यात ‘फॅक’चं काम. कोरियात 1950 च्या जुलैपासून अमेरिकनांनी त्यासाठी टी-6 टेक्सन ही प्रशिक्षण विमानं वापरली. त्यांची ‘मॉस्किटो’ ही रेडिओवरची ओळख तेव्हाच रूढ झाली. पण या कामाचं खरं शास्त्र घडलं ते व्हिएतनाममध्ये.

तिथलं पहिलं मुख्य विमान म्हणजे सेस्नाचं ओ-1 बर्ड डॉग: एक 213 अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, मागेपुढे दोन आसनं, डोक्यावर पंख आणि चहूबाजूंनी काचा. पंख वर असल्याने खालची जमीन मोकळी दिसते आणि खिडक्या उड्डाणातही उघडता येतात. चिलखत नाही, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट नाही. बचाव एवढाच, की शक्यतो 1,500 फुटांच्या खाली यायचं नाही, कारण त्याखाली रायफली आणि मशीनगनचा मारा अचूक होतो.

एका फॅककडे ठरावीक प्रांत असायचा आणि तो रोज तिथेच फिरायचा. हे मला या पद्धतीतलं सर्वांत शहाणपणाचं अंग वाटतं. रोज तीच जमीन पाहणाऱ्याला बदल कळतो. कोरड्या दिवशी ओढ्याच्या उताराचं, म्हणजे तो पायी ओलांडायच्या उथळ जागेचं पाणी गढूळ असेल, तर नुकतंच कुणीतरी तिथून गेलंय. हिरव्या रानात एक पट्टा तपकिरी पडत चालला असेल, तर ती तोडून आणून वर पसरलेली फांदी आहे, खाली काहीतरी झाकलंय. भातखाचरात भर हंगामात माणूस नाही, गुरं नाहीत, तर गावकऱ्यांना काही तरी आधीच कळलेलं आहे.

लक्ष्य सापडलं म्हणून लगेच हल्ला होत नसे. बहुतेक ठिकाणी दक्षिण व्हिएतनामी प्रांतप्रमुखाची संमती लागायची. जमिनीवरच्या तुकडीशी एफएम रेडिओवर, जेटशी यूएचएफवर आणि आपल्या नियंत्रण केंद्राशी व्हीएचएफवर असं तिन्हीकडे बोलायचं, शिवाय विमान चालवायचं, नकाशा वाचायचा आणि काचेवर मेणपेन्सिलीने आकडे टिपायचे. जेट आलं की त्याला ठरलेल्या क्रमाने माहिती द्यायची: लक्ष्य काय, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची किती, आपले सैनिक कुठल्या बाजूला, वारा कसा, कुठून गोळीबार होतोय, कोणत्या दिशेने आत यायचं, कुठे वळून बाहेर पडायचं आणि विमानाला फटका बसलाच तर उडी कुठे मारायची. उंचीचा आकडा चुकला की सूर मारणाऱ्या वैमानिकाचा बॉम्ब सोडण्याचा क्षणच चुकतो.

मग धूर. बर्ड डॉगच्या पंखांखाली 2.75 इंची चार रॉकेटं असत, पुढे पांढरा फॉस्फरस भरलेली. नेम धरायला यंत्र नसे. समोरच्या काचेवर मेणपेन्सिलीने केलेली खूण हाच नेम. नाक खाली करून खूण लक्ष्यावर आणायची आणि एक रॉकेट सोडायचं. हवेशी संपर्क येताच फॉस्फरस पेट घेतो, त्याचं ऑक्साइड हवेतली वाफ शोषून आम्लाचे सूक्ष्म थेंब बनवतं, आणि दमट हवेत हा पांढरा धूर आणखी दाट दिसतो.

अडचणी इथूनच सुरू होतात. घनदाट जंगलात धूर फांद्यांमधून झिरपत वर यायला वेळ लागतो आणि तोवर तो बाजूला सरकलेला असतो. दहा नॉटचा वारा धुराला मिनिटाभरात 300 मीटर नेतो. म्हणून जेट हल्ल्याच्या जागी येऊन ठेपल्यावरच रॉकेट सोडायचं, आधी नाही. रॉकेट नेमकं लक्ष्यावर पडलंच पाहिजे, असंही नाही. ‘माझ्या धुरापासून उत्तरेला पन्नास मीटर’ एवढं सांगितलं की पुरे, कारण आता दोघांपाशी एकच शून्यबिंदू असतो. हल्ल्याची शेवटची परवानगी मात्र फॅकने जेट नजरेने पाहून, त्याचं नाक बरोबर दिशेला आहे याची खात्री करूनच द्यायची.

आपल्या तुकडीची जागा ओळखण्यासाठी रंगीत स्मोक ग्रेनेड वापरत. शत्रूही तीच वारंवारता ऐकत असे आणि ‘पिवळा टाकतोय’ असं ऐकताच स्वतःही पिवळा धूर सोडत असे. त्यावर साधा नियम निघाला: तुकडीने रंग न सांगता धूर सोडायचा, फॅकने दिसलेला रंग सांगायचा आणि तुकडीने तो खरा की खोटा ते कळवायचं.

हल्ल्याची दिशा हाही जीवनमरणाचा प्रश्न. बॉम्ब सोडताना अर्ध्या सेकंदाची चूक झाली, तर तो उड्डाणाच्या रेषेत सुमारे 115 मीटर पुढे किंवा मागे पडतो. डावी-उजवीकडची चूक त्या मानाने लहान असते. म्हणून जेट शक्यतो आपल्या आघाडीला समांतर आणायचं. आपल्या सैनिकांच्या डोक्यावरून हल्ला केला, तर तीच अर्ध्या सेकंदाची चूक त्यांच्यावर येते.

स्वतःला वाचवायची एक युक्ती सगळेच वापरत. रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, पायाने थोडा दाबून ठेवायचा, म्हणजे विमान नाकाच्या दिशेने न जाता किंचित बाजूला घसरत जातं. खालचा मशीनगनवाला नाकाच्या पुढे नेम धरतो आणि गोळ्या बाजूने निघून जातात.

1967 मध्ये ओ-2 आलं, एक इंजिन नाकात आणि एक मागे असलेलं. यात चौदा रॉकेटं नेता येत आणि एक इंजिन बंद पडलं तरी विमान एका बाजूला ओढलं जात नसे. पण त्यामुळेच मागचं इंजिन बंद पडलेलं चटकन जाणवत नसे, मीटर पाहावे लागत. भरलेलं विमान एका इंजिनावर जेमतेम उंची राखे. शिवाय दार फक्त उजवीकडे आणि वैमानिक बसायचा डावीकडे, म्हणजे उडी मारायची तर आसन ओलांडून जावं लागे.

1968 मध्ये आलेलं ओव्ही-10 ब्रॉन्को मुळातच युद्धासाठी घडवलेलं होतं. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, चिलखत, चार मशीनगन, इजेक्शन सीट आणि बाहेर फुगलेल्या काचा. मात्र पाण्यावर उतरायला ते अत्यंत घातक. 29 जून 1972 रोजी क्वांग त्री भागात कॅप्टन स्टीव्हन बेनेट यांच्या ब्रॉन्कोला क्षेपणास्त्र लागलं. मागच्या निरीक्षकाचं पॅराशूट फाटलं होतं, त्यामुळे बेनेट यांनी स्वतः इजेक्ट न करता विमान समुद्रात उतरवलं. निरीक्षक वाचला, बेनेट गेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला.

उत्तर व्हिएतनामच्या विमानविरोधी तोफांपुढे ही संथ विमानं टिकत नव्हती. म्हणून 1967 पासून तिथे ‘मिस्टी’ या नावाने दोन आसनी एफ-100 जेट फॅकचं काम करू लागली. एक जण चालवायचा, दुसरा नकाशा आणि कॅमेरा सांभाळायचा. वेगाने संरक्षण मिळालं, पण वळणाचं गणित तेच राहिलं, म्हणून रस्ते आणि नदीचे उतार पाठ असावेच लागत.

भारतात याचं ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर 1971 मधलं लोंगेवाला. जैसलमेरहून हंटर जेट रणगाड्यांवर हल्ले करत होती आणि सैन्याच्या एअर ओपी (एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे हवाई निरीक्षण) शाखेचे मेजर आत्मा सिंग एचएएलच्या कृषक या हलक्या विमानातून त्यांना दिशा देत होते. कृषकचं 225 अश्वशक्तीचं इंजिन बर्ड डॉगच्याच काँटिनेंटल ओ-470 घराण्यातलं. एअर ओपीचे वैमानिक तेव्हा मुळात तोफखान्याचे अधिकारी, आणि तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्या देवळालीत. तोफेचा गोळा कुठे पडला ते वरून पाहून ‘इतके मीटर उजवीकडे, इतके पुढे’ असं सांगण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. वाळवंटात झाडांचा आडोसा नव्हता, रणगाड्यांच्या पट्ट्यांचे ठसे दुरून दिसत होते आणि पाकिस्तानी लढाऊ विमानं त्या आकाशात आलीच नाहीत. ती आली असती, तर कृषकसारख्या विमानाला तिथे घिरट्या घालता आल्या नसत्या.