ल्युमेन आणि पीएआर: रीफ टँकचा एलईडी निवडताना होणारी गल्लत

रीफ टँकवर, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, लावायला दोन एलईडी समोर आहेत. एक लावला की अख्खी खोली उजळते, टाकीतल्या वाळूचा कण न् कण दिसतो. दुसरा लावला की पाणी निळंजांभळं होतं आणि खोलीत जेमतेम उजेड पडतो. वीज दोघांनाही सारखीच लागते. बेतात खर्च करायचा असेल तर हात आपसूक पहिल्याकडे जातो, कारण त्याच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडाही मोठा असतो. कोरलच्या दृष्टीने मात्र बहुधा दुसराच लाइट जास्त कामाचा निघतो.

ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. सर्वसाधारण डोळा कोणत्या रंगाला किती प्रतिसाद देतो याचा आलेख आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९२४ साली ठरवला आणि ल्युमेन आजही त्यावरच मोजतात. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याला सगळ्यात ठळक दिसतो तो ५५५ नॅनोमीटरचा हिरवट-पिवळा प्रकाश. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याची या आलेखावरची किंमत त्याच्या फक्त ४ टक्के भरते. तेवढ्याच ताकदीचा निळा प्रकाश पडला तरी ल्युमेनच्या हिशेबात तो जवळजवळ नसल्यासारखाच.

पीएआर म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. इथे डोळ्याचा संबंध नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजायचे, निळा असो वा लाल, प्रत्येकाला एकच किंमत. एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल कण पडले, हा तो आकडा. भर दुपारच्या लख्ख उन्हात तो २,००० च्या आसपास जातो.

फरक किती मोठा आहे ते हिशेबातून दिसतं. कोरल बसलंय त्या जागी २०० पीएआर हवा, असं धरू. तो उन्हासारख्या प्रकाशातून मिळाला तर लक्समीटर साधारण ११,००० लक्स दाखवेल. लक्स म्हणजे चौरस मीटरमागे पडणारे ल्युमेन. तेच २०० पीएआर निव्वळ ४५० नॅनोमीटरच्या निळ्यातून आले तर मीटरवर फक्त १,४०० लक्स दिसतील. कोरलला मिळणारे कण तेवढेच, पण आपल्याला उजेड आठपटीने कमी वाटतो. म्हणूनच मोबाइलच्या लक्स ॲपवर निळ्या एलईडीची पारख करू नये.

आता निळ्याचंच एवढं कौतुक का, तर कोरलच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली या सूक्ष्म शैवालांमुळे. बहुतेक कोरलची बरीचशी ऊर्जा हेच शैवाल तयार करतं. त्याच्याकडे हरितद्रव्याबरोबर पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि दोघं मिळून निळा ते निळसर-हिरवा पट्टा चांगला टिपतात. समुद्रात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाणी शोषून घेतं, खोलवर पोचतो तो निळा. कोरल त्याच उजेडात वाढलेलं आहे.

पांढरा एलईडी म्हणून टाकाऊ ठरत नाही. तोही मुळात निळीच चिप असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला. थंड पांढऱ्या छटेत निळा भाग बऱ्यापैकी उरतो आणि मशरूम, झोअँथिड अशी कमी मागणीची कोरलं त्यावर जगतात, वाढतातही. घरगुती उबदार पिवळसर दिवा मात्र मी सुचवणार नाही. तिथे ल्युमेन भरपूर मिळतात, पण निळा फार थोडा. केल्विनचा आकडाही फक्त छटा सांगतो, ताकद सांगत नाही.

माझ्या पहिल्या टाकीवर असाच झगझगीत लाइट होता. काही आठवड्यांत झोअँथिडचे देठ लांबले, वरची चकती छोटी झाली आणि सगळी तोंडं लाइटकडे वळून ताणली गेली. बाहेरून बघणारा म्हणायचा, काय छान उजेड आहे! ते ताणणं म्हणजे उजेड पुरत नसल्याची खूण आहे, हे मला फार उशिरा कळलं.

पीएआरचा आकडा छापलेला असला तरी तो कुठे मोजलाय ते आधी बघावं. बरेचदा तो लाइटच्या बरोबर खाली, मध्यभागी आणि हवेत मोजलेला असतो. आपलं कोरल कोपऱ्यातल्या खडकावर असेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. अरुंद कोनाची लेन्स मध्यभागी आकडा फुगवते आणि कडेला अंधार ठेवते. म्हणून मध्यभागाचा आकडा थोडा कमी असला तरी प्रकाश पसरवणारा लाइट मला जास्त पटतो. लांब टाकीला एका जोरदार लाइटपेक्षा दोन साधे बरे. खडकांच्या सावल्याही त्याने कमी होतात.

वॅटच्या आकड्यालाही भुलू नये. तीन वॅटच्या ५५ चिपा म्हणून १६५ वॅट, असं छापतात. ती चिपांच्या क्षमतेची बेरीज झाली. प्रत्यक्षात त्या कमी करंटवर चालवलेल्या असतात. साध्या प्लग-मीटरवर खरा खप लगेच कळतो. स्वस्त लाइटमध्ये मी दोन गोष्टींवर अडून बसतो: निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे आणि पंखा-हीटसिंक दणकट हवा. खारट वाफेत पंखाच आधी दगा देतो.

ढोबळ मानाने मऊ कोरलांना ५० ते १५० पीएआर पुरतो, मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे कोरलमधला तोंड असलेला एकेक छोटा जीव) टणक कोरलांनाही बहुधा तेवढाच, आणि ॲक्रोपोरासारख्या छोट्या पॉलिपच्या टणक कोरलांना २०० ते ३५० लागतो. त्याहून जास्त म्हणजे चांगलं असं नाही. प्रकाश अति झाला की झूझँथेलीत घातक ऑक्सिजन तयार होतो, कोरल त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. कमी उजेडातलं कोरल निदान तपकिरी होऊन वाट बघतं, भाजलेलं तेवढा वेळ देत नाही.

पीएआर मीटर एकदाच लागतो, तेव्हा विकत घेण्यापेक्षा एखाद्या रीफवाल्याकडून दोन दिवस मागून आणावा. जुने सेन्सर निळा कमी दाखवतात, म्हणून पूर्ण पट्टा मोजणारा मागावा. सेन्सर काडीला बांधायचा, लाटांमुळे आकडा नाचू नये म्हणून पंप बंद करायचे आणि वाळूवर, खडकाच्या मध्यावर, माथ्यावर नि चारही कोपऱ्यांत नोंदी घ्यायच्या. हे आकडे टाकीच्या चित्रावर लिहून ठेवले की कोणतं कोरल कुठे बसवायचं, ते कागदच सांगतो. नव्या लाइटची सुरुवात कमी ताकदीवर करायची आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवायची. या काळात रोज सकाळी पॉलिप कधी उघडतात तेवढं बघत राहायचं. नेहमीपेक्षा उशिरा उघडायला लागले, तर वाढवणं तिथेच थांबवायचं.