सीबीसीच्या चिठ्ठीमागची सव्वाशे वर्षं

कॅन्सरच्या ओपीडीबाहेर बसलेली माणसं एकमेकांना सांगतात, "आमच्याकडे शेक आणि सलाईन एकदमच चालू आहे." शेक म्हणजे रेडिएशन, सलाईन म्हणजे केमो. गर्भाशयमुखाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही उपचार एकाच सहा-सात आठवड्यांत दिले जातात. त्या काळात दर आठवड्याला हातात एक चिठ्ठी येते, सीबीसीची, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून घरातलं बोलणं गाठीवरून आकड्यांवर सरकतं. पांढऱ्या पेशी किती? प्लेटलेट लाखाच्या वर आहेत ना? हिमोग्लोबिन दहाच्या खाली तर गेलं नाही? काउंट पडले म्हणून एखादी केमो पुढे ढकलली, की घरच्यांना वाटतं आता सगळंच फसलं. पण रक्त पडतं कशामुळे, हे नीट उलगडत गेलं तसतसे हे उपचारही घडत गेले, म्हणून तो सगळा माग इथे काढायचा आहे.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्या आठ-दहा वर्षांत लाइपझिगमधले सर्जन हर्मान हाइनेके यांनी प्राण्यांवर किरण सोडून पाहिले. कातडीवर काही दिसण्याच्या आधीच प्लीहेतल्या (स्प्लीन) आणि लसिका गाठींतल्या (लिम्फ नोड) पेशी काही तासांत मरत होत्या. पाठोपाठ अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मऊ गाभा, ओस पडत होती. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि ट्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी त्यामागचा नियम मांडला: जी पेशी जास्त वेगाने विभागते, तिला किरणांचा मार जास्त बसतो. शरीरात मज्जेइतकी राबणारी जागा विरळा. एकट्या लाल पेशीच ती रोज सुमारे वीस हजार कोटी तयार करते. त्यामुळे कॅन्सरच्या पेशीवर उगारलेला हात मज्जेवरही पडणार, हे १९०६ मध्येच ठरून गेलं होतं. त्या पिढीतल्या अनेकांनी याची किंमत स्वतःच्या शरीराने मोजली. मेरी क्युरी १९३४ मध्ये गेल्या त्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियाने. मज्जेनं रक्त बनवणंच थांबवलं होतं.

केमोची सुरुवात मात्र युद्धातल्या विषापासून झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर मस्टर्ड वायू वापरला गेला. भाजलेली कातडी आणि जळलेली फुफ्फुसं सगळ्यांना दिसत होती. क्रुम्भार या अमेरिकन संशोधक दांपत्याने मृत सैनिकांची मज्जाही तपासली आणि १९१९ मध्ये लिहिलं, की या माणसांच्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या आणि मज्जा रिकामी पडली होती. ती नोंद वीस-बावीस वर्षं तशीच पडून राहिली. १९४२ मध्ये येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी तो धागा उचलला. हे द्रव्य लसिका पेशी मारतं, तर मग लसिका गाठींच्या कॅन्सरमध्ये का देऊ नये? ऑगस्टमध्ये त्यांनी एका रुग्णाला मस्टर्डचंच भावंड असलेल्या नायट्रोजन मस्टर्डची इंजेक्शनं दिली. त्याच्या गळ्यातल्या नि काखेतल्या गाठी दिवसागणिक विरघळत गेल्या. पाठोपाठ पांढऱ्या पेशी कोसळल्या. मज्जा थोडी सावरली तशी गाठही परतली आणि पुढच्या खेपांना औषध कमी कमी लागू पडत गेलं. डिसेंबरमध्ये तो गेला.

या रुग्णाविषयीची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याने आधी रेडिएशन घेतलेलं होतं आणि त्याचा उपयोग थांबल्यावरच हा प्रयोग झाला. म्हणजे आधुनिक केमोचा पहिला रुग्ण हाच रेडिएशन आणि केमो या दोन्हींचा भार सोसलेल्या मज्जेचाही पहिला रुग्ण ठरला. युद्धामुळे ही माहिती १९४६ पर्यंत गुप्त राहिली. दरम्यान, डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले. तिथे उभ्या असलेल्या एका अमेरिकन जहाजात गुपचूप मस्टर्डचे बाँब भरलेले होते. सहाशेहून जास्त माणसं त्यात होरपळली. तपासाला गेलेल्या डॉ. स्ट्यूअर्ट अलेक्झांडर यांनाही त्यांच्या रक्तात तेच दिसलं. पांढऱ्या पेशी गायब झालेल्या होत्या.

हिरोशिमा-नागासाकीत बाँबच्या स्फोटातून वाचलेले अनेक जण पुढच्या काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने गेले. त्यामुळे एकच प्रश्न संशोधकांच्या मागे लागला: संपलेली मज्जा परत आणता येते का? १९४९ मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन यांनी उंदरांना प्राणघातक किरण दिले, पण प्लीहा तेवढी शिशाने झाकली. उंदरांच्या प्लीहेत रक्त तयार होतं. ते उंदीर जगले. दोनच वर्षांत लॉरेन्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की किरण दिलेल्या उंदराला दुसऱ्याची मज्जा टोचली तरी तो वाचतो. १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलॉक यांना याचं उत्तर मिळालं. मोजक्या मूळ पेशी पुरेशा असतात. एकेका पेशीतून रक्ताची अख्खी वसाहत उभी राहते.

माणसावर हे करून पाहण्याचं धाडस डॉनल थॉमस यांनी केलं. रेडिएशन आणि केमो घेतलेल्या सहा रुग्णांना त्यांनी शिरेतून मज्जा दिली आणि १९५७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या सहांपैकी कुणीही वाचलं नाही. तरी ते थांबले नाहीत. पुढे सिएटलमध्ये सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध आणि सर्वांगाला रेडिएशन देऊन रुग्णाची मज्जा मुद्दाम पूर्ण रिकामी करायची आणि मग भावंडाची मज्जा घालायची, ही पद्धत उभी राहिली. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात हे मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये घडलं. सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. जो परिणाम इतरत्र आम्ही भीत भीत मोजतो, तोच इथे हेतूपूर्वक शेवटपर्यंत नेला जातो. मला यात वैद्यकाची फार मोठी हिंमत दिसते.

चिठ्ठीवरच्या आकड्यांना अर्थ आला तो साठच्या दशकात, अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत. एमिल फ्रायराइख आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या मुलांचे रोजचे काउंट आणि रोजचा रक्तस्राव शेजारी शेजारी मांडले. १९६२ आणि १९६६ च्या त्यांच्या लेखांतून प्लेटलेट आणि रक्तस्राव, पांढऱ्या पेशी आणि जंतुसंसर्ग यांचं नातं आकड्यांत उतरलं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्या खाली आणि ताप आला, तर रात्रीचे बारा वाजलेले असोत, हॉस्पिटल गाठा, असं आज जे बजावून सांगतात, त्याचं मूळ तिथे आहे. ही सूचना कुणी हलक्यात घेऊ नये.

आता दोन उपचार एकत्र देण्याकडे येऊ. डेट्रॉइटमधले नॉर्मन नायग्रो हे गुदद्वाराच्या कॅन्सरसाठी ऑपरेशनच्या आधी थोडं रेडिएशन आणि सोबत फ्लुरोयुरासिल, मायटोमायसिन अशी औषधं देत. १९७४ मध्ये त्यांनी पहिल्या तीन रुग्णांची हकिगत लिहिली. दोघांच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कॅन्सर उरलाच नव्हता. तिसऱ्याने ऑपरेशनला नकार दिला आणि तोही बरा राहिला. ही औषधं रेडिएशनची धार वाढवतात. पण मायटोमायसिनचा मज्जेवरचा घाव उशिरा, चार-सहा आठवड्यांनी दिसतो आणि तोपर्यंत रेडिएशननेही आपलं काम केलेलं असतं.

रक्त एवढं का पडतं, हे इथे समजून घ्यायला हवं. रेडिएशन एका जागी पडतं. तिथल्या हाडातली मज्जा जळते, पण बाकीची मज्जा जास्त राबून तूट भरून काढते. केमो मात्र रक्तातून सगळीकडे पोहोचते. म्हणजे जिने भरपाई करायची, तिलाच दुसऱ्या बाजूने फटका बसतो. एकेकट्या उपचारात निभावून नेणारी मज्जा दोन्हींत थकते ती अशी. पडण्यालाही क्रम असतो. लिम्फोसाइट, म्हणजे लसिका पेशी, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच उतरतात, कारण त्या विभागणीची वाट न बघता किरणांनी थेट मरतात. मग न्यूट्रोफिल, ज्यांचं रक्तातलं आयुष्य तासांत मोजायचं. मग आठ-दहा दिवस जगणाऱ्या प्लेटलेट. लाल पेशी चार महिने टिकतात, म्हणून हिमोग्लोबिन सावकाश घसरतं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हे सगळ्यात ठळक दिसतं, कारण कटीची हाडं, त्रिकास्थी आणि कमरेचे खालचे मणके मिळून प्रौढ माणसाची जवळपास निम्मी मज्जा तिथेच असते. शेकही तिथेच द्यावा लागतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने पाच अभ्यासांच्या आधारे जाहीर केलं, की रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर जास्त स्त्रिया जगतात. आपल्याकडे शंका साधी आणि रास्त होती. खेड्यापाड्यांतून उशिरा पोहोचणारी, आधीच रक्त कमी असलेली बाई हे झेलेल का? टाटा मेमोरियलने २००३ ते २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांना घेऊन याचं उत्तर शोधलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रिया केवळ रेडिएशनच्या गटात ४६ टक्के होत्या, सिस्प्लॅटिनसोबतच्या गटात ५४ टक्के. रक्तावरचे दुष्परिणाम दुसऱ्या गटात जास्त होते. त्या आठ टक्क्यांसाठी दर आठवड्याची सुई सोसायची असते.

मज्जेला टाच मारून पळवण्याचे प्रयत्नही झाले, आणि त्यांची हकिगत दुःखाची आहे. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं १९९१ पासून मिळू लागली. मग ती केमो-रेडिएशनमध्येही का देऊ नयेत? फुफ्फुसाच्या कॅन्सरमधल्या एका अमेरिकन अभ्यासात छातीच्या रेडिएशनसोबत असं एक इंजेक्शन दिलं गेलं. १९९५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्या गटात प्लेटलेट जास्त पडल्या होत्या आणि उपचारानेच झालेले मृत्यूही जास्त होते. जाग्या केलेल्या पेशी जास्त विभागतात, आणि विभागणाऱ्या पेशीला किरण आधी गाठतात. बेर्गोनिए-ट्रिबोंदोंचा जुना नियम इथेही लागू पडतो. हिमोग्लोबिनचंही तसंच. गाठीला ऑक्सिजन कमी मिळाला तर रेडिएशन कमी लागू पडतं, हे लुई हॅरोल्ड ग्रे यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. म्हणून घशाच्या कॅन्सरमध्ये एरिथ्रोपोएटिन हे लाल पेशी वाढवणारं औषध देऊन रक्त वाढवून पाहिलं. २००३ मध्ये दिसलं, की हिमोग्लोबिन वाढलं पण कॅन्सरवरचा ताबा उलट घटला. त्यामुळे आज हिमोग्लोबिन उतरलं की डॉक्टर बहुतेक वेळा रक्ताची पिशवीच चढवतात. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर घेऊन येणाऱ्या घरच्यांची तळमळ मला कळते. एवढीच विनंती, की डॉक्टरांना न सांगता काही देऊ नका.

काउंट सावरले तरी मज्जा सगळं विसरत नाही. हॉजकिन्सच्या, म्हणजे लसिका गाठींच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांना साठ-सत्तरच्या दशकात नायट्रोजन मस्टर्ड असलेली मॉप ही औषधांची जोडणी आणि वर रेडिएशन दिलं गेलं. ते बरे झाले, पण काहींना पाच-दहा वर्षांनी ल्युकेमिया झाला. मिलानमध्ये जियानी बोनादोना यांनी मांडलेल्या एबीव्हीडी या जोडणीने तो धोका बराच कमी केला. आता रेडिएशनचा नकाशा आखतानाच कटीतली राबती मज्जा शक्य तेवढी वाचवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

उपचारानंतर काही वर्षांनी कमरेचा एमआरआय काढला, तर शेक मिळालेले मणके वेगळे दिसतात. तिथली लाल मज्जा जाऊन चरबी भरलेली असते, आणि डोस मोठा असेल तर ती सहसा परतत नाही. शेकाच्या वर-खालच्या हाडांत मात्र, अगदी मांडीच्या हाडातही, जिथे तरुणपणी रक्त बनणं थांबलं होतं, तिथे लाल मज्जा पुन्हा पसरलेली सापडते.