शासकीय मदतीवरील अवलंबन आणि वर्ग (सांगली जिल्हा)

भांडवली अर्थव्यवस्थेत ज्यांच्याजवळ जमीन, भांडवल किंवा बारमाही मजुरी यांपैकी काहीच नसते, त्यांचा निर्वाह जितका शासनाच्या रोख अनुदानावर, स्वस्त धान्यावर वा हमीच्या कामावर चालतो, तितके त्यांचे अवलंबन मानले जाते. मदतीने माणूस आळशी होतो, ही शंका जुनी आहे. इंग्लंडच्या १८३४ च्या दारिद्र्य कायद्याने मदत ही सर्वांत हलक्या मजुरीहूनही कमी सोयीची असावी, असे तत्त्वच घालून दिले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले ते सांगली जिल्ह्यात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६० च्या दशकात झालेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात ती विस्तारली आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. तिच्यासाठी पगारदार व व्यावसायिकांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसवण्यात आला. मात्र पाझर तलाव झाला की खालच्या बागायतदाराच्या विहिरीचे पाणी वाढे आणि तलावाची माती वाहणाऱ्या भूमिहीन बाईच्या हाती हजेरीपटावरची मजुरी तेवढी पडे, हे योजनेच्या गुणगानात सहसा येत नाही.

पात्रतेच्या अटींतून वर्ग अधिक उघड होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये होती. २०२४–२५ मध्ये हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये असल्याने, तेव्हाच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने दिलेले १०० दिवस पूर्ण भरणारे घर कागदोपत्री निराधार राहतच नसे. त्यामुळे तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला ही वस्तुस्थितीपेक्षा तडजोडीची बाब ठरते. लाभार्थ्याला शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. याउलट टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन उचलते, शेतकऱ्याकडे १९ टक्के येतो. तेथे त्याच्या उत्पन्नाची मर्यादा विचारली जात नाही आणि या साहाय्याला अवलंबनही म्हटले जात नाही. अर्थात या पाण्याने आटपाडी, कवठेमहांकाळकडील शेतमजुरीही वाढली, हे नाकारता येत नाही.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेने महिना १,५०० रुपयांसाठी अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा ठेवली. निराधारांना तेव्हा मिळणारी रक्कमही तेवढीच होती.