थंडीच्या तोंडावर उगवलेली मिरची

न्यू जर्सीत सप्टेंबर सरत आला की वाफ्यातील मोठ्या झाडांच्या सावलीत, चार-पाच पानांवर आलेली मिरचीची इवली रोपे हमखास सापडतात. मातीचे तापमान 15 अंश सेल्सियस असेल तर मिरचीचे बी उगवायला सुमारे 25 दिवस घेते, तेच बी 25 ते 30 अंशांत आठवडाभरात उगवते; हाबानेरोसारख्या जातींचे बी तर ऊब मिळूनही कधीकधी महिनाभर वाट पाहायला लावते. वसंतातल्या गार मातीत अडून राहिलेले असे बी ऐन उन्हाळ्यात उगवते आणि रोप जेमतेम बाळसे धरते, तोच ऑक्टोबर येतो.

ही रोपे उपटून टाकू नयेत, असे मला मनापासून वाटते, कारण मिरची मुळात बहुवर्षायू आहे. कोकणातल्या परसात एकच झाड दोन-तीन वर्षे मिरच्या देत राहते. थंड देशांत तिचे आयुष्य एका हंगामाचे ठरते ते केवळ हिवाळ्यामुळे.

मात्र ती कुंडीत लावून घरात आणायला दव गोठण्याची वाट पाहिली तर उशीर होतो. खोबरेल तेल थंडीत थिजते, काहीसे तसेच मिरचीच्या पेशींच्या पातळ आवरणातील स्निग्ध पदार्थांचे होते: तापमान 10 अंशांच्या खाली रेंगाळू लागले की ही आवरणे ताठरतात, त्यांतून क्षार पाझरू लागतात आणि मुळांची पाणी ओढण्याची शक्ती मंदावते. म्हणूनच गार रात्रीनंतर माती ओली असूनही पाने मलूल दिसतात. अशा वेळी आणखी पाणी घातले तर मुळे कुजण्याचीच भीती अधिक. प्रत्यक्ष गोठण्यात पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो, तो पेशींतले पाणी बाहेर खेचून घेतो, आणि सकाळी ऊन लागताच पाने उकडल्यासारखी काळपट होऊन लोंबतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात, त्यामुळे हवामानाच्या अंदाजातले 2-3 अंशही फसवे असतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते तेव्हाही हवेचे नोंदलेले तापमान शून्याच्या वरच असते.

तेव्हा रात्रीचा पारा 12 अंशांकडे झुकू लागताच रोपे काढावीत. आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे, खोडापासून चार बोटे अंतर राखून खुरपे खोल घालावे आणि मातीच्या गोळ्यासकट रोप उचलावे. लहान रोपाची बहुतेक मुळे त्या गोळ्यातच येतात, ही त्याची मोठ्या झाडावरची मात आहे. कुंडी लहान, तळाला भोके असलेली घ्यावी आणि गोळ्याभोवती बागेतली माती न भरता कोकोपीटसारखे भुसभुशीत मिश्रण भरावे, कारण बागेतली माती कुंडीत घट्ट बसते व मुळांना हवा मिळत नाही. घरात नेण्यापूर्वी पानांची खालची बाजू भिंग लावून पाहावी. कोवळ्या शेंड्याला चिकटलेले माव्याचे दोन-चार हिरवे ठिपके बाहेर ढालकिडे संपवतात, पण घरात त्यांना खाणारे कोणी नसते आणि मादी नराशिवायच पिल्ले देत असल्याने महिनाभरात सारे रोप चिकट होते. पाण्याच्या धारेने पाने धुऊन कुंडी आठवडाभर इतर झाडांपासून दूर ठेवावी.

डिसेंबरात न्यू जर्सीत दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो, म्हणून खिडकीतल्या उजेडाला रोज चौदा तास एलईडी दिव्याची जोड द्यावी, नाहीतर रोप उजेडाच्या शोधात लांबट व लेचेपेचे वाढते. पाणी वरची माती सुकल्यावरच द्यावे, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. मे महिन्याच्या मध्यानंतर, रात्री पुन्हा 12 अंशांच्या वर राहू लागल्या की, कुंडी आठ-दहा दिवस रोज थोडा अधिक वेळ उन्हावाऱ्यात ठेवून मग रोप वाफ्यात लावावे. घरातल्या मंद उजेडात वाढलेली पाने एकदम कडक उन्हात आणली तर पांढरी पडून करपतात.